हरभऱ्याच्या वाळवलेल्या भाजीची कुळकथा

हरभऱ्याची वाळवलेली भाजी करायला फार काही लागत नाही. मूठभर कोरडा पाला चुरायचा, शिजलेल्या तूरडाळीत घालायचा, थोडे ज्वारीचे पीठ लावून घोटायचा आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. नांदेड-लातूरकडे चैत्र-वैशाखात ताजी पालेभाजी दिसेनाशी झाली की या भाजीवर आणि ज्वारीच्या भाकरीवर जेवण निभते. ही चाल आली कुठून, असे विचारले तर "दुष्काळी मुलूख, दुसरे काय!" असे म्हणून लोक मोकळे होतात. हे उत्तर अपुरे आहे. टंचाईमुळे या पाल्याला कोठीत जागा मिळाली असेल. त्याचा जन्म मात्र रब्बीतल्या एका शेतकामातून झाला, आणि ते काम म्हणजे शेंडे खुडणे.

हरभरा पेरून महिनाभर झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाडाची उंचीकडची ओढ थांबते, बगलेतून फांद्या फुटतात आणि फांद्या वाढल्या की घाटेही वाढतात. कृषी शास्त्रज्ञ आजही पेरणीनंतर तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास ही खुडणी सुचवतात, पण फुले लागण्याआधीच. उशीर झाला तर पाला जून होतो आणि पिकाचेही नुकसान होते. म्हणजे मिळणारा सगळा पाला कार्तिक-मार्गशीर्षातल्या थोड्या दिवसांतच हाती येतो. नेमक्या याच सुमाराला मेथी, चाकवत, शेपू यांचीही रेलचेल असते आणि तोंडावर वेळ अमावास्येचा शेतातला सण आलेला असतो. एवढा पाला ताजा खाऊन संपत नाही आणि टाकून देववत नाही. साठवणीची कल्पना या अडचणीतून सुचते. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

हाच पाला वाळवणाला का मानवला, याची कारणेही शेतातच सापडतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. ही आंब गोळा करायला पहाटेच्या दवात पिकावर स्वच्छ फडके अंथरून ते पिळून घ्यायची जुनी रीत आहे. पोटदुखीवर ती औषध म्हणून वापरत. खुडताना हीच आंब बोटांना लागते आणि नखाजवळ चीर असेल तर चांगलीच झोंबते. भाजीची चव तिच्यातच असते, म्हणून जाणत्या बायका हा पाला धूत नाहीत, नुसता झटकून निवडतात. पाणी न लागलेला पाला वाळतोही लवकर. त्यात पानाच्या पाकळ्या इवल्या आणि पातळ, आणि मराठवाड्यातली थंडीतली हवा कोरडी. सावलीत सुती कापडावर पातळ पसरला की तो काळा न पडता कुरकुरीत होतो. कडक उन्हात रंग उडतो आणि अ जीवनसत्त्वाचा मूळ घटक असलेले कॅरोटीनही बरेचसे नष्ट होते. लोह आणि कॅल्शियम मात्र टिकून राहते. कोकणात वाळवणे भर उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या बेगमीसाठी होतात. इथे पाल्याचे वाळवण थंडीत, उन्हाळ्याच्या बेगमीसाठी होते.

यावर कोणी म्हणेल, १९७२ चा दुष्काळ विसरायचा कसा? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे काय? पण या दाखल्यांनी उलटीच बाजू भक्कम होते. कोरडवाहू हरभरा काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येतो. परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी पेराच कमी होतो. मग खुडायचे काय आणि वाळवायचे काय? दुष्काळात माणसे जगतात ती तरोटा, घोळ, तांदुळजा अशा आपोआप उगवणाऱ्या भाज्यांवर, आणि त्या बहुधा ताज्याच खाल्ल्या जातात. वाळवलेला पाला ही सुकाळाच्या वर्षाने मागे ठेवलेली शिल्लक आहे. टंचाईत ती उपयोगी पडते हे खरे, पण उपयोग आणि उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अंबाडीही वाळवतात, मग हरभऱ्याच्या खुडणीलाच एवढे श्रेय का? अंबाडी शेताच्या कडेने पेरतात. तिचेही कोवळे शेंडे खुडले की नवी फूट येते आणि पाला एकदम भरपूर निघतो. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे, तेलंगणात, याच आंबट पाल्याच्या कुळातला गोंगुरा तेलात मुरवून टिकवतात. टिकवण्याची तऱ्हा मुलखाप्रमाणे बदलते. खुडणीतून निघालेली रास मात्र दोन्हीकडे आहे. याउलट परसातला कढीपत्ता, गवती चहा किंवा ओव्याचे पान बारमाही हाताशी असते, म्हणून त्यांच्या वाळवणाला असे मानाचे स्थान मिळाले नाही.

हे कूळ ओळखले की आजची पडझडही समजते. सोयाबीननंतर हरभरा अजून पेरला जातो, पण खुडणीला मजूर परवडत नाहीत, अळीसाठी फवारणी लवकर सुरू होते आणि फुले विक्रमसारखे उंच वाण यंत्राने काढणीसाठीच आले आहेत. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही कोठीतला डबा रिकामा राहतो, कारण मूळ कामच थांबले आहे. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी चार ओळी फवारणीविना राखाव्यात. ज्यांच्याकडे गच्चीवरच्या कुंड्या आहेत त्यांनी पुदिना, तुळस, मेथी यांनाही हाच नियम लावावा. फुलाआधी शेंडे खुडावेत, सावलीत वाळवावेत, चुरला की कुरकुरला पाहिजे इतके कोरडे करून झाकणबंद डब्यात ठेवावेत. आणि फवारलेल्या पिकाचा पाला मात्र कितीही कोवळा दिसला तरी खुडू नये.