विम्बल्डन, १९७३

लंडनच्या ऑल इंग्लंड क्लबच्या हिरवळीवर जून-जुलैमध्ये झालेली ८७ वी स्पर्धा. ८१ पुरुष खेळाडूंच्या बहिष्कारामुळे ती टेनिसच्या इतिहासात वेगळी ठरली.

निमित्त लहानसे होते. युगोस्लाव्हियाचा निकी पिलिच न्यूझीलंडविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत खेळला नाही, म्हणून त्याच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला निलंबित केले. आंतरराष्ट्रीय महासंघाने नऊ महिन्यांची शिक्षा एका महिन्यावर आणली. पण विम्बल्डन नेमके त्याच महिन्यात येत होते. खेळाडूने कुठे खेळायचे हे महासंघ ठरवणार की तो स्वतः, हा खरा प्रश्न होता आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली एटीपी ही व्यावसायिकांची संघटना त्यावर हटून बसली. लंडनच्या न्यायालयातही दिलासा मिळेना, तेव्हा गतविजेता स्टॅन स्मिथ, जॉन न्यूकम, केन रोझवॉल, आर्थर अ‍ॅश अशा मातब्बरांनी नावे मागे घेतली. मानांकित १६ पैकी १३ जण गळाले. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली नाही.

इली नस्तासे आणि ब्रिटनचा रॉजर टेलर बहिष्कार झुगारून खेळले. अग्रमानांकित नस्तासेला चौथ्या फेरीतच सँडी मेयरने घरी पाठवले. भारताच्या १९ वर्षीय विजय अमृतराजने उपान्त्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोदेशविरुद्ध दोन सेट जिंकले. पाचवा त्याने ५-७ असा गमावला. विजेत्याला इतके जवळून हादरवणारा हा सामना भारतीयांनी लक्षात ठेवावा असाच आहे. टेलरलाही पाच सेटमध्ये नमवून कोदेशने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाच्या अलेक्स मेट्रेवेलीला ६-१, ९-८, ६-३ असे हरवले. त्या काळी विम्बल्डनमध्ये टायब्रेक ८-८ वर होई, म्हणून हा ९-८.

महिलांनी बहिष्कार टाकला नाही, पण त्यांचीही संघटना, डब्ल्यूटीए, याच जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात जन्मली. तिची प्रणेती बिली जीन किंग हिने एकेरीच्या अंतिम सामन्यात ख्रिस एव्हर्टला ६-०, ७-५ असे हरवले आणि महिला व मिश्र दुहेरीही जिंकली.

कोदेशच्या विजेतेपदाला कमी लेखणे अन्यायाचे आहे. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये, फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर, बहिष्कार टाकलेले बडे खेळाडू परतले असताना, त्याने उपान्त्य फेरीत स्मिथला हरवले आणि अंतिम सामन्यात न्यूकमला पाचव्या सेटपर्यंत झुंजवले.