कवळीचा इतिहास : दर्शन आणि चर्वण

कृत्रिम दातांचा इतिहास बहुधा द्रव्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आधी हस्तिदंत, मग चिनी माती, नंतर रबर आणि शेवटी अ‍ॅक्रिलिक, असा त्याचा क्रम सांगण्यात येतो. प्रस्तुत लेखात हा क्रम दुय्यम मानून एक साधा प्रश्न पुढे ठेवला आहे : कवळी लावणाऱ्यास जेवता येत होते काय?

अठराव्या शतकातील युरोपपुरते याचे उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे. पिएर फोशार याच्या १७२८ च्या ग्रंथात वरची व खालची कवळी स्प्रिंगांनी जोडण्याची पद्धत वर्णिलेली आहे. स्प्रिंग वरच्या कवळीस टाळूकडे रेटी. परंतु तोंड मिटण्यासाठी जबड्यास सतत तिच्याविरुद्ध जोर लावावा लागे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अध्यक्षपदी आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच नैसर्गिक दात उरला होता. जॉन ग्रीनवुड याने त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या दातापासून कवळी कोरली. ती लाकडाची होती ही आख्यायिका निराधार होय. वॉशिंग्टन यांच्या हिशेबवहीत मे १७८४ मध्ये कृष्णवर्णीयांकडून घेतलेल्या नऊ दातांपोटी पैसे दिल्याची नोंद आहे. ते दात त्यांच्याच तोंडात बसविले गेले की नाही हे सिद्ध करता येत नाही. तथापि कोणाचे दात कोणासाठी निघत होते, हे त्या नोंदीवरून पुरेसे स्पष्ट होते.

लाकडी कवळ्या खरोखर होत्या त्या जपानमध्ये. १५३८ मध्ये निधन पावलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अशी कवळी वाकायामा येथील मंदिरात जतन केलेली आहे. हिरड्यांचा मेणात ठसा घेऊन, त्याबरहुकूम कठीण लाकूड कोरून, रंग लावून उंचवटे शोधून ते पुन्हा तासले जात. कवळी टाळूशी इतकी तंतोतंत बसे की मधल्या लाळेच्या पातळ थरामुळेच ती जागी राही. स्प्रिंगची गरज नसे. पुढील काळातील अनेक जपानी कवळ्यांत दाढांच्या जागी धातूचे खिळे ठोकलेले आढळतात. हे खिळे शोभेसाठी नव्हते. अन्न दळले जावे म्हणून होते. चर्वणाचा विचार करणारी ही रचना फोशारच्या ग्रंथापूर्वीची आहे, ही बाब पाश्चात्त्य इतिहासग्रंथांत क्वचितच ठळकपणे येते.

युरोपात आरंभीच्या चिनी मातीच्या कवळ्या भट्टीत आकसत आणि त्यामुळे नीट बसत नसत. ही अडचण टणक रबराने दूर केली : ठशावर बेतलेले, स्वस्त आणि बऱ्यापैकी मजबूत. मात्र अमेरिकेत १८६४ च्या पेटंटाआधारे गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने दंतवैद्यांकडून परवानाशुल्क व खटल्यांद्वारे इतकी वसुली केली, की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांची एका दंतवैद्याने गोळी घालून हत्या केली.

कवळी तोंडात बसली तरी चावता येतेच असे नाही. एका बाजूने घास चावताना दुसरी बाजू उचलली जाते. खालचा जबडा केवळ वर-खाली न हलता पुढे आणि बाजूंनाही सरकतो. विल्यम बॉनविल यांनी दोन्ही जबडासंधी आणि खालच्या पुढील दातांचा मध्य यांत सुमारे चार इंच बाजूंचा समभुज त्रिकोण कल्पून १८५८ मध्ये जबड्याच्या हालचालींची नक्कल करणारे उपकरण सिद्ध केले. सर्वच माणसांचे जबडे इतके भूमितीनिष्ठ नसतात, हे उघड आहे. पुढे झ्युरिकच्या आल्फ्रेड गिझी यांनी संधीच्या मार्गाची मोजमापे घेऊन त्यांनुसार दाढांचे उतार ठरविले.

१९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले आणि रंग हिरड्यांशी जुळला. परंतु टाळूवर वारंवार वाकणारी वरची कवळी मध्यरेषेत तडकण्याची तक्रार राहिलीच. शिवाय कवळीचा भार मुळांऐवजी मऊ हिरडीवर पडतो. त्यामुळे पूर्ण कवळीचा चावा नैसर्गिक दातांच्या चाव्याचा अल्पसा अंशच भरतो, आणि भाकरीचा तुकडा तिला आजही जड जातो.