दिवाणखान्यातला प्रोसेसर

गेली अठरा वर्षे मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत आहे. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' इथून निघायचे आणि वर्षअखेरीस सत्यता-कोष्टकांपर्यंत पोचायचे. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन साध्या शब्दांचा कीस काढायचा, हा आमचा शिरस्ता. या विषयाचा पुढे उपयोग काय, असे पालक विचारीत, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेत असे. दोन वर्षांपूर्वी शास्त्र शाखेचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमचं फळ्यावरचं कोष्टक चालवून दाखवू का?"

कोष्टक चालते, हे मी प्रथमच ऐकत होतो.

त्याने उघडले होते ते लॉजिसिम नावाचे सिम्युलेटर, म्हणजे विजेच्या मंडलांची नक्कल करणारा प्रोग्रॅम. कार्ल बर्च या अमेरिकन प्राध्यापकाने तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला. २०१४ साली त्यांनी त्यातून अंग काढून घेतले, पण स्वित्झर्लंडमधल्या काही शिक्षणसंस्थांनी तो पुढे चालू ठेवला. कडेच्या पेटीतून 'आणि'चे गेट उचलावे, 'नाही'चे उचलावे, पडद्यावर मांडावे आणि माऊसने तारा ओढाव्यात. तारेत एक असला तर ती उजळ हिरवी दिसते, शून्य असला तर गडद हिरवी; कुणीच तिच्यात एक किंवा शून्य सोडत नसले तर निळी; आणि दोन गेटे एकाच तारेवर भांडू लागली की लाल! असल्या पडद्यावर लोक घरबसल्या अख्खा प्रोसेसर रचतात आणि मग तो खऱ्या भागांतून उभाही करतात, असे तो मुलगा सांगू लागला.

आता, वाचकहो, हा उद्योग नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. तर्काला बीजगणिताचा वेष जॉर्ज बूलने चढवला. त्याचा मोठा ग्रंथ १८५४ सालचा. त्याचा समकालीन डी मॉर्गन तर जन्माने आपल्या मदुराईचा, १८०६ सालचा. पण या दोघांची सूत्रे पाऊणशेहून अधिक वर्षे बहुतांशी कागदावरच राहिली. १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एम. एस्सी.च्या प्रबंधात दाखवून दिले की, दोन स्विच एकामागून एक जोडले की तो 'आणि' होतो, शेजारी शेजारी जोडले की 'किंवा'. बस्स, एवढेच! पण एवढ्याने तर्कशास्त्राचा वर्ग आणि विजेचा कारखाना एकाच छपराखाली आले.

त्याच वर्षी जॉर्ज स्टिबिट्झने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिले, टॉर्चचे दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या कापलेल्या पट्ट्या यांतून बेरीज करणारे मंडल केले. एक आणि एक मिळवले की द्विमान पद्धतीत 'दहा' लिहायचे. हातचा केव्हा येतो? पहिला एक 'आणि' दुसराही एक असेल तेव्हा. आणि खालचा अंक एक केव्हा? दोघांपैकी नेमका एकच एक असेल तेव्हा. आमच्या कोष्टकाच्या या दोन ओळी. त्याच्या पत्नीने त्या खेळण्याला स्वयंपाकघराचे आद्याक्षर देऊन 'मॉडेल के' म्हटले.

मला मात्र या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो तो बर्लिनचा कोनराड त्सूझ. विमानाच्या कारखान्यातली नोकरी सोडून १९३६ साली त्याने आईवडिलांच्या दिवाणखान्यात गणकयंत्र मांडले. घरात पत्र्याच्या पट्ट्या कापण्याचा आवाज, मित्र मदतीला, पैसा घरच्यांचा आणि सोबत्यांचा. आईवडिलांनी हे कसे सोसले असेल, हा विचार मनात येतोच. स्विचच्या ऐवजी सरकणाऱ्या पट्ट्या, आणि आज्ञा टाकाऊ सिनेमाच्या फिल्मवर भोके पाडून दिलेल्या. मौज अशी की, त्याने पट्ट्यांसाठी स्वतःचे तर्कगणित बनवले, तेव्हा शाळेतल्या जुन्या गणित-शिक्षकाने त्याला सांगितले की, बाबा, हे विधानांचे गणित म्हणून आधीच अस्तित्वात आहे! यंत्र १९३८ साली पुरे झाले. पण पट्ट्या अडकत. कागदावर तर्क बिनचूक होता, पत्र्यावर अडकत होता. पुढे रिले वापरून त्याने १९४१ साली झेड-३ उभे केले, ते चालले. पहिले यंत्र बॉम्बवर्षावात नष्ट झाले. म्हातारपणी त्सूझने ते पुन्हा बांधले आणि आज ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

त्सूझजवळ आधी करून पाहण्याची सोय नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली सुरू केलेले गणकयंत्र, ज्याला १९६२ साली 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले, तेही निर्वात नळ्यांचे आणि हाताने जुळवलेले. चूक सापडायची ती बहुधा झाळ मारल्यावर.

एका यंत्रात दुसऱ्या, अजून न झालेल्या यंत्राची नक्कल चालवायची, ही सोय पुढे घरगुती कॉम्प्युटरवरही आली. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८३ साली सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नवा प्रोसेसर आखायला घेतला. विल्सन यांनी त्याच्या आज्ञांची नक्कल बी.बी.सी. मायक्रो या शाळकरी मुलांच्या यंत्रावर बेसिक भाषेत चालवून पाहिली. फर्बर यांचा नमुनाही बेसिकमध्येच. २६ एप्रिल १९८५ रोजी चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. फर्बर वीज मोजू लागले तर मीटर शून्यावर! वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालत होती. ही गोष्ट कुठल्याही नकलेत दिसली नव्हती. आज फोनमध्ये जे प्रोसेसर असतात, ते बहुतेक याच घराण्याचे.

त्याच केंब्रिजमध्ये जेम्स न्यूमन यांनी २०१६ साली सुट्या ट्रान्झिस्टरांचा 'मेगाप्रोसेसर' पुरा केला: दहा मीटर लांब, दोन मीटर उंच, सुमारे चाळीस हजार ट्रान्झिस्टर. चिपमध्ये नखाएवढ्या जागेत मावणारी वस्तू त्यांनी भिंतीएवढी केली, ती का? आत काय चालते ते दिसावे म्हणून. कुणी याला वेड म्हणेल. मी म्हणणार नाही.

कारण मीही मग सिम्युलेटरशी खेळू लागलो होतो. एका रात्री नॅन्ड गेटाचे तोंड त्याच्याच शेपटीला जोडले आणि दुसरी तार शून्यावरून एकावर नेली. म्हणजे 'मी खरा असेन तर मी खोटा'. आमच्या वर्गातला तो जुना खोटारड्याचा पेच! प्रोग्रॅमने दोलन होत असल्याचा इशारा दिला आणि हात टेकले. अठरा वर्षे मी हा पेच शब्दांनी समजावीत होतो.

तो विद्यार्थी माल्व्हिनोच्या पाठ्यपुस्तकातला 'सॅप-१' बांधतो आहे. सोळा घरांची स्मृती, अवघ्या पाच आज्ञा. पडद्यावर त्याने बेरजा बिनचूक केल्या. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चिप पाटीवर खोचल्या, तर मोजणारे मंडल सातानंतर आठ म्हणेना. कधी शून्य, कधी बारा. तारा दहादा तपासल्या. तो रडकुंडीला आला, आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, तर्क तर बरोबर आहे ना?" तर्क बरोबरच होता. पण सातावरून आठावर जाताना चारही अंक एकदम पालटतात, विजेची एकदम ओढ लागते आणि क्षणभर दाब खाली बसतो. सिम्युलेटरच्या तारेत वीज नसतेच, फक्त एक आणि शून्य असतात. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने येऊन पाहिले आणि प्रत्येक चिपशेजारी एकेक लहानसा कपॅसिटर खोचायला लावला.

सात, आठ, नऊ. आम्ही तिघांनी पंधरापर्यंत मोजले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. आता दिवाळीच्या सुट्टीत त्याला बेरीज-मंडल जोडायचे आहे. त्याच्या आईने दिवाणखान्यातले टेबल आठ दिवसांसाठी दिले आहे.