पेन्शनर जवानाचा डॉक्टर

श्रोतेहो, समजा, गोदाकाठच्या सायखेड्यात एक पेन्शनर हवालदार राहतो. गुडघे धरलेत, रक्तातली साखर वाढलीय. कांद्याच्या लिलावाचा दिवस टाळून तो भल्या सकाळी निघतो आणि नाशिकरोडवरून देवळालीला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात पोचतो. तिथे त्याचा पहिला प्रश्न असतो, "मागल्या खेपेचेच डॉक्टर आहेत ना?" इमारत बांधता येते, औषधे विकत आणता येतात, डॉक्टर मात्र यावा लागतो, आणि आला तर टिकावा लागतो. ही अडचण जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपल्या लष्करी वैद्यकात दोन पंगती होत्या. पदवीधर डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अधिकारी. पदविका घेतलेले, म्हणजे लायसेन्शिएट, खालच्या खात्यात. शिक्षणात फरक थोडा, मानात फार. युद्धात सैन्य २५ लाखांच्या घरात गेले, डॉक्टर पुरेनात. तेव्हा ३ एप्रिल १९४३ रोजी या शाखा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभा केला आणि लायसेन्शिएटांनाही कमिशनचे दार उघडले. गरज पडली की पंगत मोडते, ती अशी!

त्याच वर्षी भोर समिती नेमली गेली. तिच्या १९४६च्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता, आणि परिचारिका ४३,००० माणसांमागे एक. समितीच्या बहुमताने लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. काही सभासदांनी भिन्न मत नोंदवले. शास्त्र म्हणून बहुमताचे खरे असेल. पण कमी खर्चात शिकून तालुक्याच्या गावी पाटी लावणारा डॉक्टर त्या शिफारशीने हरवला, असे मला वाटते.

आता जरा अमेरिकेकडे पाहा. तिथेही माजी सैनिकांची कित्येक इस्पितळे आडबाजूला होती आणि डॉक्टरांची भरती सरकारी कारकुनी नियमांनी होई. १९४५ साली हे खाते जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे आले. ३ जानेवारी १९४६च्या कायद्याने डॉक्टर व परिचारिकांची भरती त्या नियमांतून सोडवली. त्याच महिन्यात इस्पितळे वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण ठरले. शिकायला मिळते म्हटल्यावर तरुण डॉक्टर आले. मात्र महाविद्यालये शहरात! म्हणून नवी इस्पितळेही शहरांजवळ गेली, आणि खेड्यातल्या सैनिकाचे हेलपाटे काही चुकले नाहीत.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. आधी २२७ दवाखाने मंजूर झाले, पुढे ही संख्या चारशेच्या वर गेली. पण तिथले डॉक्टर, परिचारिका, औषधवाले कराराने घेतात. करार मुदतीचा, पुढे वाढवला तर वाढला. मुलांची शाळा, घरभाडे, बायकोची नोकरी यांचा हिशेब मांडणारा तरुण डॉक्टर एवढ्या भरवशावर बिऱ्हाड हलवील का? शिक्षक मित्रांनो, बदलीची नोकरी तुम्हांला ठाऊक आहे. इथे तर बदलीचीही हमी नाही.

म्हणून या दवाखान्यांतून पुष्कळदा लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर भेटतात. भरतीत माजी सैनिकांना प्राधान्यच आहे. असा डॉक्टर नाडी धरता धरता विचारतो, "कुठली पलटण?" आणि आपला हवालदार दुखरे गुडघे विसरून खुर्चीत ताठ बसतो. मग घरी परतताना हिशेब करतो, की डॉक्टरसाहेबही आता साठीच्या पुढचे दिसतात.