महाडचा मंडप ते पिंपळे गुरवचे नाट्यगृह : सभा उधळणाऱ्यांना तयारीनेच उत्तर



पिंपळे गुरवमध्ये निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. उद्या तिथे आपला कार्यक्रम असताना ‘आत बॉम्ब ठेवलाय’ असा फोन आला, तर काय करायचे? कार्यकर्त्यांकडून दोनच उत्तरे येतात. ‘पोलीस बघतील’, नाहीतर ‘कार्यक्रम रद्द करू’. आपल्या चळवळीचा इतिहास मात्र तिसरेच उत्तर देतो.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक परतले होते. ‘अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी अफवा महाडात पसरवली गेली. लाठ्या घेतलेला जमाव मंडपात शिरला, जेवणाऱ्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहायला सांगितले. पण शांत राहणे म्हणजे गाफील राहणे नव्हे. डिसेंबरच्या परिषदेला सवर्णांनी जागा दिली नाही, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाची जागा मिळवली. स्थानिक व्यापारी माल देणार नव्हते, म्हणून शिधा बाहेरून आणला. आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. मार्चच्या हल्ल्याने परिषद थांबली नाही, उलट अधिक तयारीने भरली.

पुढे सनातन्यांच्या हातात लाठीच्या जागी बॉम्ब आला. २५ जून १९३४ रोजी गांधी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात पुण्याच्या नगरपालिकेत मानपत्र घ्यायला येत होते. त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकला गेला. गांधी बचावले, नगरपालिकेचे मुख्य अधिकारी, पोलीस आणि इतर लोक जखमी झाले. गांधींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. पण हा बॉम्ब कोणत्या विचाराच्या विरोधात होता, हे विसरून चालणार नाही.

२००८ मध्ये पाळी नाटकाची आली. ‘आम्ही पाचपुते’ने महाभारतातल्या पात्रांची थट्टा केली, हा काहींना अपमान वाटला. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, तो निकामी केला गेला. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला, ७ जण जखमी झाले. २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना १० वर्षांची शिक्षा दिली आणि चौघांना सोडले.

वाशी आणि ठाणे यांत चारच दिवसांचे अंतर आहे. वाशीत वस्तू वेळेत दिसली, म्हणून स्फोट टळला. ठाण्यात बॉम्ब वाहनतळात होता. आणि सभागृह रिकामे करताना आपण लोकांना उभे करतो कुठे? बहुतेक वेळा वाहनतळातच!

म्हणून आयोजकांनी कार्यक्रमाआधी दोन तास सभागृह ताब्यात घ्यावे. रंगमंचाखाली, स्वच्छतागृहात, कचऱ्याच्या डब्यांत, वाहनतळात पाहणी करावी. सगळे दरवाजे उघडतात का, किल्ली कोणाकडे आहे, हे तपासावे. लोकांना कुठे जमवायचे ती मोकळी जागा आधी ठरवून तीही तपासावी. धमकीचा फोन आला तर बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द लिहावा, ११२ ला कळवावे. बेवारस पिशवीला हात लावू नये, हलवू नये, तिच्याजवळ मोबाइल वापरू नये. माईकवरून एकाच माणसाने शांतपणे सूचना द्यावी. वृद्ध, बाळंतिणी, व्हीलचेअरवरचे लोक यांच्यासोबत कोण जाणार, त्यांची नावे आधी ठरवावीत.

यात एक प्रश्न जातीचाही आहे. सभागृहातली बेवारस पिशवी सगळ्यात आधी कोणाच्या हाताला लागते? झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या. तो बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो. सुरक्षेच्या बैठकीला नगरसेवक, अधिकारी, सुरक्षारक्षकांचे ठेकेदार बसतात. तो बाहेर झाडत असतो. कोणती वस्तू रोजची आणि कोणती परकी, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याला प्रशिक्षण, विमा आणि ‘मी याला हात लावणार नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. ही मागणी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे लेखी केली पाहिजे.

आणि तयारीच्या नावाखाली कोणी आपल्यालाच सभागृह नाकारू लागला, तर त्याला संविधानाचे कलम १९ दाखवा. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमणे हा आपला मूलभूत हक्क आहे. धमकी देणाऱ्याला स्फोटाची गरजच नसते. सभा रद्द झाली की त्याचे काम झाले. सभागृह रिकामे करावे लागले तर करू, तपासणी होऊ देऊ आणि पुन्हा आत जाऊन सभा पूर्ण करू. महाडने हेच शिकवले आहे.

जय भीम! जय संविधान!