सस्पेन्शन लिफ्ट
सस्पेन्शन लिफ्ट : खडकाळ वाटांवर चालणाऱ्या वाहनाची चेसिस ॲक्सलपासून अधिक उंच करण्यासाठी केलेली सस्पेन्शनची फेररचना. पाटे असलेल्या गाडीत जास्त कमानीचे पाटे बसवतात. जीप रँग्लरच्या १९९७ च्या टीजे मॉडेलपासून पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या. त्या गाडीत लांब स्प्रिंग किंवा स्पेसर घालून उंची वाढवतात.

लिफ्टमुळे मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. डिफरन्शियलखालची मोकळी जागा मात्र टायरमुळेच वाढते आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मी : ३१ इंचांऐवजी ३३ इंची टायर बसवल्यास १ इंच.

उंची वाढली की ट्रॅक बार (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) ॲक्सलला एका बाजूला ओढतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग भरकटते, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून गाडी थरथरते आणि ब्रेकचे होज ताणले जातात. म्हणून लिफ्ट वाढवताना लांबी बदलता येणारे ट्रॅक बार व कंट्रोल आर्म, लांब शॉक ॲब्सॉर्बर आणि लांब होज बसवणे आवश्यक ठरते. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर व उतारावर गाडी उलटण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे गरजेपुरतीच उंची वाढवणे श्रेयस्कर.