इन्स्पेक्टरला मरावंच का लागतं? स्पायडरमॅनच्या प्रेमप्रकरणांचा इतिहास

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मारामारी आणि प्रेमप्रकरण असं दोन्ही आहे.

जून २०२३ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आला, तेव्हा तो मराठीतही डब झाला होता. मी तोच बघितला. त्यात आपला पवित्र प्रभाकर आहे, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेल्या शहरातला स्पायडरमॅन. त्याची मैत्रीण गायत्री आणि तिचे वडील पोलीस इन्स्पेक्टर. शहर कोसळायला लागतं, इन्स्पेक्टर एका लहान मुलीला वाचवायला धावतात आणि ढिगाऱ्याखाली सापडणार एवढ्यात माईल्स त्यांना वाचवतो. सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. आणि मग माईल्सलाच ऐकवलं जातं की तू घोळ केलास, प्रत्येक स्पायडरमॅनच्या गोष्टीत एक पोलीस अधिकारी मरावाच लागतो!

माझ्या मागच्या रांगेतला एक पोरगा मोठ्याने म्हणाला, “पण का?”

बरोबर प्रश्न आहे. त्याचं उत्तर १९७० सालच्या एका कॉमिकमध्ये आहे. पण तिथे जायच्या आधी आपल्याला जरा मागे जावं लागेल, कारण सुपरहिरोच्या गोष्टीत एवढी रडारड आली कुठून, हे आधी समजायला हवं.

प्रेमकथांची लाट

तसं प्रेम पहिल्यापासून होतंच. १९३८ च्या पहिल्याच सुपरमॅनकथेत लोइस लेन आहे. क्लार्क तिला बाहेर घेऊन जातो, तिथे एक गुंड तिला त्रास देतो आणि क्लार्क मुद्दाम भित्र्यासारखा वागतो. लोइस चिडून निघून जाते. तिला सुपरमॅन आवडतो, क्लार्क नाही, आणि माणूस तर एकच! पण हा विनोद होता. पुढची कितीतरी वर्षं तो तसाच चालू राहिला. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सुपरहिरोंचा खप घसरला. मग १९४७ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने ‘यंग रोमान्स’ नावाचं कॉमिक काढलं. हीच ती जोडी, जिने कॅप्टन अमेरिका तयार करून पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारायला लावला होता. आता त्यांनी तरुण मुलींची दुःखं काढायला घेतली: फसवणूक, मत्सर, चुकीचा जोडीदार. ते तुफान चाललं. दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशा प्रेमकथांची शंभराहून जास्त मासिकं निघाली.

१९५४ मध्ये कॉमिक्सवर सेन्सॉरशिप आली. सरकारने नाही, प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर लादलेली. ‘कॉमिक्स कोड’ म्हणायचे तिला. प्रेमकथेत घराचं आणि लग्नाचं पावित्र्य दिसलं पाहिजे, असा त्यात नियमच होता. प्रेमकथा गुळमुळीत झाल्या आणि पुढे हळूहळू ओसरल्या. पण ते काढणारे हात होतेच. ते हात पुढे सुपरहिरोंकडे वळले.

लग्नात खलनायक

१९६१ मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ सुरू केलं. त्यात सू स्टॉर्मचं रीड रिचर्ड्सशी जमलेलं, पण चौथ्याच अंकात समुद्राचा राजा नेमॉर येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. तो न्यूयॉर्कवर हल्ला करतोय, आणि त्याच वेळी तिला मागणीही घालतोय. म्हणजे कारस्थान आणि प्रेमाचा त्रिकोण एकाच पानावर.

१९६५ मध्ये सू आणि रीडचं लग्न झालं, तो अंक तर कमालच आहे. डॉक्टर डूमला पेपरात लग्नाची बातमी दिसते आणि त्याचं डोकं फिरतं. तो एका यंत्राने जगभरच्या खलनायकांच्या मनात द्वेष पेटवतो आणि सगळ्यांना लग्नावर सोडतो. वऱ्हाडात सुपरहिरो, दारात खलनायक. शेवटी लग्न लागतं. आणि स्टॅन ली आणि कर्बी स्वतः लग्नाला येतात, तर आमंत्रण नाही म्हणून त्यांनाच दारातून परत पाठवतात!

आता यामागचं गणित बघा. खलनायकाशी मारामारी वीस पानांत संपते. तो तुरुंगात गेला की गोष्ट संपली. मग वाचकाने पुढच्या महिन्यात पैसे कशाला खर्च करायचे? पण भांडलेली मैत्रीण वीस पानांत परत येत नाही. ती काय म्हणेल, हे बघायला पुढचा अंक घ्यावाच लागतो. रात्री आठच्या मालिकेचं जे तंत्र, तेच हे.

मे काकूंनी आणलेलं स्थळ

हे तंत्र सगळ्यात जास्त मुरलं स्पायडरमॅनमध्ये. १९६२ मध्ये ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो आणला. पीटर पार्कर, आई-बाप नसलेला, काका गेलेला, मे काकूंजवळ राहणारा हायस्कूलमधला मुलगा. त्याची पहिली मैत्रीण बेटी ब्रँट, पेपरच्या ऑफिसातली सेक्रेटरी. १९६४ मध्ये एका झटापटीत तिचा भाऊ मारला जातो. तिथे स्पायडरमॅन हजर असतो. त्यानंतर स्पायडरमॅन दिसला की तिला भावाचं मरण आठवतं. आणि ती रडते कुणाच्या खांद्यावर? पीटरच्या. सुपरमॅनचा जुना विनोद इथे एकदम विनोद राहत नाही.

आणि मे काकू! शेजारच्या वॉटसनबाईंची भाची आहे, एकदा भेट तरी, असा त्यांचा धोशा. पीटर टाळतोय. दोन वर्षं ही मेरी जेन वाचकांना चेहऱ्याने दिसलीच नाही, नुसतं नाव. आपल्याकडच्या घराघरात हे चाललेलं असतं, वेगळं सांगायला नको.

१९६६ मध्ये डिटको सोडून गेले आणि जॉन रोमिटा आले. रोमिटा आठेक वर्षं दुसऱ्या कंपनीत फक्त प्रेमकथा काढत होते. त्यांच्या पहिल्याच अंकात ग्रीन गॉब्लिनचा मुखवटा उतरतो आणि आत निघतो पीटरच्या मित्राचा, हॅरीचा बाप. तीन अंकांनी मे काकूंच्या दारात मेरी जेन उभी राहते, आणि पीटरचं तोंड उघडंच राहतं. खलनायक मित्राचा बाप, मैत्रीण काकूंनी शोधलेली. सगळं घरातलंच! आणि खप वाढत वाढत स्पायडरमॅन मार्व्हलचं सर्वांत जास्त विकलं जाणारं कॉमिक झालं.

नोव्हेंबर १९७०

पण पीटरचा जीव जडला ग्वेन स्टेसीवर. तिचे वडील जॉर्ज स्टेसी, निवृत्त पोलीस कॅप्टन. ९० व्या अंकात स्पायडरमॅन गच्चीवर डॉक्टर ऑक्टोपसशी लढतोय. ऑक्टोपसचे लोखंडी हात बेभान होतात, धुराड्याच्या विटा रस्त्यावर कोसळतात. खाली एक लहान मुलगा. कॅप्टन त्याला ढकलतात आणि स्वतः ढिगाऱ्याखाली जातात. मरताना ते स्पायडरमॅनला ‘पीटर’ म्हणून हाक मारतात. त्यांना सगळं माहीत होतं. ग्वेनला सांभाळ, एवढंच ते मागतात.

तर मागच्या रांगेतल्या मित्रा, हे तुझं उत्तर. पवित्रच्या इन्स्पेक्टरचा प्रसंग इथला आहे.

यानंतर ग्वेन स्पायडरमॅनलाच खुनी समजते. ती लंडनला काकांकडे निघून जाते. पीटर मागोमाग जातो. तिथे काही गुंडांचं कारस्थान हाणून पाडतो आणि पेपरात स्पायडरमॅन लंडनमध्ये असल्याचं छापून येतं. आता तो तिच्या दारात गेला, तर ती दोन आणि दोन चार करणारच. तो तिला न भेटता परत येतो! काम फत्ते, आणि प्रेम तिथेच.

आणि जून १९७३, १२१ वा अंक. लेखक जेरी कॉनवे, वय अवघं वीस. कथेचं नाव पहिल्या पानावर छापलंच नाही, शेवटच्या पानावर छापलं, कारण नावातच शेवट होता. पोराच्या व्यसनाने आणि धंद्यातल्या अडचणीने हॅरीच्या बापाचं डोकं पुन्हा फिरतं, तो गॉब्लिन होतो आणि ग्वेनला पुलावर नेतो. तिथून तिला ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकून तिचा पाय पकडतो. पकडतोच! पण मानेपाशी एक बारीकसा ‘कट्’ असा आवाज छापलाय. पडताना अचानक बसलेल्या झटक्यानेच ती गेली, हे पुढे १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी मान्य केलं.

वाचक खवळले. पण मला त्या आवाजापेक्षा एक गोष्ट जास्त लागते. ग्वेनला शेवटपर्यंत कळलंच नाही की पीटर कोण आहे. बापाला कळलं होतं, खलनायकाला कळलं होतं. ज्या कारणासाठी ती मेली, ते फक्त तिलाच कुणी सांगितलं नव्हतं.

डबा

इथे जरा माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. आईला ताण नको म्हणून मी सात आठवडे सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो, वाचनालयात बसायचो, संध्याकाळी परत. मला वाटायचं मी तिला वाचवतोय. शेवटी तिला बाहेरून कळलं. ती नोकरीवरून बोललीच नाही. एवढंच म्हणाली, “मी पाच वाजता उठून डबा कुणासाठी करत होते?”

तेव्हापासून मला पीटरच्या गुपितात त्याग दिसत नाही. ‘तुझ्या भल्यासाठी लपवलं’ म्हणताना दुसऱ्याचा निर्णय आपणच घेऊन टाकलेला असतो. नायकाला धक्का बसावा म्हणून बायकांना मारायची ही खोड इतकी पसरली की १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोन यांनी अशा बळी गेलेल्या बायकांची यादीच इंटरनेटवर टाकली. यादी लांबलचक होती.

पण याच कॉमिकने पुढे एक बरी गोष्टही केली. ग्वेन गेल्यावरच्या अंकात पीटर मेरी जेनवर खेकसतो, घालवून देतो. ती दारापर्यंत जाते, दार आतून लावते आणि थांबते. १९८४ मध्ये ती त्याला सांगते की तुझं गुपित मला कधीचं माहीत आहे. म्हणजे तिने डोळे उघडे ठेवून ठरवलेलं. १९८७ मध्ये त्यांचं लग्न झालं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर खोटं खोटं लग्नही लावलं, आणि भटजी कोण? स्टॅन ली!

ते लग्न २००७ मध्ये संपादकांना नकोसं झालं. मग मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी सैतानाशी सौदा, आणि मोबदल्यात लग्नच पुसलं. खलनायकाचं कारस्थान आणि नात्याचा गुंता यात आता काही अंतरच उरलं नाही. पण निदान या वेळी मेरी जेनला विचारलं होतं. तिने हो म्हटलं होतं.

म्हणून माईल्सने त्या इन्स्पेक्टरला वाचवलं, तेव्हा मला थिएटरमध्ये टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्रेपन्न वर्षांनी कुणीतरी विचारलं की हे असंच का व्हायला पाहिजे?

तुमच्या घरी असं ‘भल्यासाठी’ लपवलेलं काही आहे का? मला नका सांगू, ज्यांना सांगायचंय त्यांना सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!